कॉम्फ्रीचा वाफा

शिंपीकाकांनी आधी दाताळ्यानं वाफ्यातली माती सारखी केली, मग पानं तोडली. रोजचा क्रम तोच. चहासुद्धा त्यानंतर.

कुंपणापलीकडून नर्सबाई म्हणाल्या, "काका, कॉम्फ्री आहे ती. मुळाचा तुकडा उकिरड्यावर फेकला तरी माजते. तिचे एवढे लाड कशाला?"

"हाताला चाळा," काका म्हणाले.

गाढवाच्या कानाएवढी, खरखरीत पानं. मोडलं हाड सांधतात म्हणे. काका ती ठेचून वाफ्यालगतच्या खोलीत नेत आणि लेकीच्या पायावर मांजरपाटाच्या पट्टीनं बांधत. सासरी जिन्यावरून पडली होती. त्याआधी मनगट मोडलं, तेही जिन्यावरूनच. जिना जेमतेम सात पायऱ्यांचा, पण एकट्या तिच्यावरच डूख धरून होता.

प्लास्टर निघून तीन महिने झाले. हाड जुळलंय, असं डॉक्टर छातीठोक सांगत. पण पाय टेकला की पोर कळवळायची. पाल्यावर किती दिवस काढणार, असं नर्सबाईंनी विचारून पाहिलं. काकांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पानं ठेचली.

जावई दर रविवारी येई. पाय बघे, मग मनगटावरचं घड्याळ बघे. या रविवारी तो बसलाही नाही.

"बाबा, आज शेवटचं विचारतो. ही चालणार की नाही?"

काकांनी लेकीला धरून उभं केलं. एक पाऊल टाकून ती मटकन खाली बसली. काकांचे डोळे भरले. त्यांनी हात जोडले. "थोडं थांबा, जावईबापू. पानं पुन्हा फुटतायत."

"पानांशी संसार तुम्हीच करा. लंगडी नेऊन मी काय करू? वकिलाचे कागद पाठवतो, सही करायला सांगा. हात तरी चालतोय ना?"

गाडी गेली. पोरीचं वाटोळं झालं म्हणत नर्सबाईंनी डोळे पुसले. लेक भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

गुरुवारी कागद आले. तिनं सही केली.

शुक्रवारी सकाळी काका दाताळं घेऊन वाफ्यापाशी गेले, जरा वेळ उभे राहिले आणि दाताळं भिंतीला टेकवून थेट चहाला आले.

ओल्या मातीत लेकीच्या दारापासून निघून, वाफ्याला फेरी घालून दाराशीच परतलेली अनवाणी पावलं होती. दोन्ही पायांची, सारखीच खोल. तीन महिन्यांत आज पहिल्यांदाच काकांनी ती पुसली नाहीत.