आगाऊ शाबासकी

“शाब्बास! अगदी बरोबर!” असं म्हणून ती मोकळी झाली, आणि मग तिला उत्तर ऐकू आलं.

तिने विचारलं होतं, एक तृतीयांश मोठा की एक पंचमांश? मागच्या बाकावरच्या मुलीने सांगितलं, पंचमांश. साफ चूक. पण तिच्या टाचणात, म्हणजे तासाला काय काय बोलायचं ते आधीच लिहून पाठ केलेलं असतं त्यात, या प्रश्नानंतर ‘शाब्बास’ होतं. म्हणून ती बोलून गेली. घोकंपट्टी हो, दुसरं काय!

वर्गात खसखस पिकली. खिडकीपाशी परीक्षक मॅडम बसल्या होत्या. त्यांचं पेन थांबलं.

शिक्षिका व्हायच्या परीक्षेतला हा तिचा शेवटचा सराव पाठ. आधीचा एक पडला होता. हाही पडला तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की दादाच्या औषधांच्या दुकानात बसायचं हे घरात ठरूनच गेलं होतं. वहिनीने तर तिच्यासाठी स्टूलही बघून ठेवलं होतं. म्हणून यावेळी तिने काही म्हणजे काही स्वतःच्या मनाचं करायचं नाही असं ठरवलं. फळ्यावरचं अक्षर मावशीचं, कारण मावशीने तीस वर्षं शाळेत काढली. ‘चला तर दोस्तांनो’ हे मैत्रिणीचं, कारण मैत्रीण पहिल्या फटक्यात पास झाली. आणि उभं राहणं, बोलणं, आवाज, सगळं परीक्षक मॅडमचं, कारण कॉलेजात तिला त्याच शिकवत. इतकं की बोलता बोलता तिचं बोट नाकावर चष्मा सरकवायला जाई. तिला चष्मा नव्हता.

आता मात्र यातलं एकही माणूस मदतीला येईना. मॅडमनी काय केलं असतं? मावशीने? त्या दोघींनी मुळात चुकीच्या उत्तराला शाब्बास म्हटलंच नसतं! उत्तर चूक आहे म्हणावं, तर ती पोरगी फुलून बसली होती. ही तीच, जिला सगळे ‘घुमी’ म्हणत. आठवडाभरात आज पहिल्यांदा तिचं तोंड उघडलं होतं. बरोबर आहे म्हणावं, तर मॅडम समोर.

तिने टाचण टेबलावर ठेवलं आणि मागच्या बाकाकडे गेली. कशाला चाललोय हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

“मी तुझं ऐकलंच नव्हतं गं,” ती म्हणाली. “न ऐकताच शाब्बास म्हटलं. आता नीट सांग, पंचमांश मोठा का?”

घुमीचा चेहरा पडला. बाकाची कड खरवडत ती पुटपुटली, “पाच मोठे ना तीनपेक्षा.”

“ते खरंच आहे की. घरी किती जण तुम्ही?”

“पाच.”

“आणि तिघं जण असलेलं घर कुणाचं?”

“आत्याचं.”

“दोन्ही घरी एकेक कलिंगड आणलं. अगदी सारखं. सगळ्यांना सारखं वाटायचं. तू कुठे खाशील?”

“आत्याकडे!” घुमी पटकन म्हणाली आणि तिथेच थांबली. भुवया वर गेल्या. “अय्या! म्हणजे आमच्याकडे फोड लहान?”

मग काय, वर्गाला ऊत आला. एकाच्या घरी आठ जण होते, त्याची सगळ्यांना दया आली. एकजण घरी एकटाच असलेल्या काकाकडे राहायला निघाला. सगळे एकदम बोलत होते, आणि त्या गलक्यात घुमी उभी राहून ओरडली, “बाई, शंभर जण असले तर नुसत्या बियाच मिळतील!”

पुढच्या बाकावरच्या पोराला मात्र हिशेब चुकता करायचा होता. “बाई, मग तिची शाबासकी परत घेणार?”

पुन्हा पंचाईत! तिने घुमीकडे पाहिलं.

“राहू दे तिच्याकडे,” ती म्हणाली. “आगाऊ दिली होती.”

घंटा झाली. निम्मं टाचण तसंच राहिलं होतं. सराव नाही, गृहपाठ नाही, समारोप नाही. मुलं बाहेर पळाली आणि ती फळ्याजवळ उभी राहिली. वहिनीचं ते स्टूल आता तिला स्पष्ट दिसत होतं. रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही का येतंय ते कळत नव्हतं.

मॅडमनी कागदावर सही केली.

“घाबरू नकोस, पास केलंय,” त्या म्हणाल्या. “पण एक सांग. सुरुवातीला माझी नक्कल करत होतीस, ते मी ओळखलं. इतकी छान की माझी मलाच लाज वाटली. ते दोस्तांनो-बिस्तांनोही कुणाकडून तरी उचललेलं. पण त्या कलिंगडापासून पुढे कोण शिकवत होतं? ते काही मला ओळखता आलं नाही.”

तिने खूप आठवून पाहिलं. मावशी नव्हती. मैत्रीण तर नव्हतीच.

“तेव्हा ना?” ती गोंधळून म्हणाली. “तेव्हा कुणीच शिकवत नव्हतं, मॅडम. मी नुसती त्या पोरीचं ऐकत होते.”