तुमेलोचं ब्लँकेट

"पेटीतलं तुमेलोचं ब्लँकेट काढा आणि शाळेच्या मैदानावर घेऊन या," मातुमेलो धावता धावताच म्हणाली.

कुंपणापाशी पाण्याचा जग धरून उभा असलेला तिचा नवरा लेबुसा गोंधळला. "तुमेलोचं?"

"हो, त्याचंच. घरात बाकी काही कोरडं नाही. ही पोरगी पोचेपर्यंत गारठून जाईल."

लेबुसानं तिच्या मागून येणाऱ्या लिनेओकडे पाहिलं. मग जग खाली ठेवून तो घोड्यावर खोगीर चढवायला गेला. शर्यत खिंड ओलांडून शाळेपाशी संपायची. खालच्या रस्त्यानं घोडा त्यांच्या कितीतरी आधी पोचला असता.

लिनेओ सखल भागातल्या शहरातली. डोंगरावरची ही तिची पहिलीच शर्यत, आणि पुढच्या महिन्यात लग्न, म्हणजे बहुधा शेवटचीही. बूट नवे, टोपी नवी, आणि पावसाची तयारी शून्य. मातुमेलो चाळिशी ओलांडलेली. ती दरवर्षी धावायची आणि दरवर्षी शेवटच्या चार-पाचांत यायची. वाटेवरचे गुराखी तिला बघून ओरडायचे, "चला, तुमेलोची आई!" माहेरचं नाव घेऊन तिला हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं.

"तुझी सासू तुझं काय नाव ठेवणार गं?" चढावर मातुमेलोनं विचारलं.

"सांगत नाहीये. लग्नाच्या दिवशीच कळेल म्हणते." लिनेओला धाप लागली होती, तरी ती हसली. "मग मीही तुमच्यासारखी. मा-अमुक नाही तर मा-तमुक. पाळण्याचा पत्ता नाही आणि आईचं नाव आधी."

"बसतं अंगाला हळूहळू," मातुमेलो म्हणाली आणि पुढे झाली.

खिंडीजवळ पावसाचा बर्फ झाला. वारा असा, की पुढचं पाऊल मागे पडावं. पुढचे धावणारे कधीच दिसेनासे झाले होते आणि मागचे शहाण्यासारखे परतले होते. लिनेओ एका दगडाला टेकली, मग बसली, मग तिनं डोळे मिटले.

"ऊठ."

"थोडं झोपते, म्मे. मग येते," आईला सांगावं तशी लिनेओ म्हणाली.

तिचं अंग थरथरायचं थांबलं होतं. थरथर थांबलेले गुराखी मातुमेलोनं पाहिले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना घोड्यावर आडवं घालून आणलं होतं. तिनं लिनेओच्या थोबाडीत मारली. लिनेओनं डोळे उघडले, रागावलीसुद्धा नाही.

"खाली ब्लँकेट आलंय तुझ्यासाठी. ऐकलंस ना?"

"तुमच्या मुलाचं. तो चिडेल."

"तो कशाला चिडतोय?"

"कसा आहे तो?"

मातुमेलोला वारा लागला की काय कोण जाणे, तिनं तोंडावरून हात फिरवला. "चालायला लाग, म्हणजे सांगते."

लिनेओ उठली. मातुमेलोनं तिचा दंड काखेत धरला.

"शांत आहे," ती म्हणाली. "इतका शांत, की घरात आवाज म्हणून नाही."

"उलट बोलतो?"

"आजवर एक शब्द नाही."

लिनेओ चार पावलं चालून थबकायची. मातुमेलो पुढचं काहीतरी सांगायची, की ती पुन्हा चालायची.

"काय आवडतं त्याला?"

"काय की. मी आपली पापा, मक्याच्या पिठाची, रोज मूठभर जास्तच शिजवते. उरते."

"म्हणजे घरी नसतो. खाणीत का?"

या डोंगरातल्या सगळ्यांचेच मुलगे सरहद्दीपलीकडे खाणीत असतात. मातुमेलो उत्तर द्यायच्या ऐवजी म्हणाली, "पाय बघून टाक, इथून उतार आहे." लिनेओला काय ते समजलं. आईला दुखतं अशा ठिकाणी बोट कशाला ठेवायचं?

बऱ्याच वेळानं तिनंच विचारलं, "आठवण येते त्याची?"

"पाऊस आला की जास्त. कुठं असेल, भिजत असेल का, असं वाटत राहतं. वेडी आहे मी." आणि मातुमेलो रडली. बर्फात रडलेलं कुणाला दिसत नाही, पण तिच्या काखेतल्या लिनेओच्या हाताला कळलं. लिनेओनं तो हात घट्ट केला. त्यानंतर ती एकदाही बसली नाही.

मैदानावर मोजकीच माणसं उरली होती. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बायकांनी मातुमेलोला शेकोटीपाशी ओढलं, तिचे बूट काढले, आणि "यंदाही शेवटून पहिली" म्हणून चिडवलं. तीही हसत होती.

लेबुसानं ब्लँकेट उलगडलं. कणसांची नक्षी असलेलं, लोकरीचं, चांगलं जाडजूड. घड्या इतक्या पक्क्या बसल्या होत्या की ते लिनेओच्या खांद्यावर चौकोनी उभं राहिलं. ऊब आली तशी तिची थरथर पुन्हा सुरू झाली. कोपऱ्याला दुकानाची चिठ्ठी टाचलेली होती. कागद पिवळा पडला होता. लेबुसानं टाचणी काढली आणि चिठ्ठी खिशात ठेवली.

"न्ताते, तुमेलो खाणीतून कधी येतोय?" लिनेओनं लेबुसाला वडिलकीची हाक मारून विचारलं. "मला त्याला भेटायचंय. आज मी त्याच्यामुळं खाली आले."

लेबुसानं शेकोटीकडे पाहिलं. बायको अजून हसत होती. तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात तो म्हणाला, "ही लग्न होऊन आली त्या दिवशी माझ्या आईनं हिचं नाव मातुमेलो ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी नातवासाठी हे ब्लँकेट आणलं. नाव आहे, ब्लँकेट आहे. तो तेवढा जन्मालाच आला नाही, पोरी."