सतराव्या पानावरची सही

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मुलीची चार क्रेडिट नामंजूर झाली.

नर्सिंगचं पहिलं वर्ष तिने जुन्या कॉलेजात पुरं केलं होतं. आता कॉलेज बदलायचं होतं. अर्जात कारण लिहिलं होतं, 'घरगुती'. नव्या कॉलेजच्या क्लार्कने एकेक विषय जुळवला, समोर खूण केली आणि वॉर्डातल्या कामाच्या वहीपाशी येऊन थांबला.

"एकशे वीस तास भरलेत. पण सतराव्या पानावर सही कुठंय?"

"राहिली असेल, सर."

"मग तासही राहिले. एक पान बिनसहीचं, तर अख्खी वही बाद. पुन्हा पहिल्या वर्षात बसावं लागेल." तिचा चेहरा बघून त्याने घड्याळाकडे बोट केलं. "आज शेवटची तारीख. पाचला खिडकी बंद होते. पळ."

अकरा पाचची बस मिळाली. खिडकीजवळची जागा तिने दुसऱ्याला दिली आणि दोन तास वही मांडीवर धरून बसली. प्रत्येक पानाच्या तळाशी त्याच सूचना छापल्या होत्या. रुग्णाचं नाव लिहू नये, फक्त खाटेचा नंबर. स्वतःच्या नातलगाच्या शुश्रूषेचे तास धरले जाणार नाहीत. खाडाखोड करू नये. शाई निळीच हवी.

शाई निळीच होती.

जुन्या कॉलेजच्या हॉस्पिटलात वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरांना विद्यार्थिनी पाठीमागे 'फौजदार' म्हणत. दुसऱ्या टोकाच्या खाटेचं सलाईन संपत आलेलं त्यांना टेबलावरून दिसायचं. मुलगी दारात आली तेव्हा त्या औषधांच्या कपाटाला कुलूप लावत होत्या.

"या! उडालेली पाखरं बरोबर जेवणाच्या वेळेला परत येतात."

"सिस्टर, एक सही राहिली होती."

"राहिली नव्हती. ठेवली होती."

मुलीने वही टेबलावर ठेवली.

सिस्टरांनी पान उघडलं. "चोवीस खाटांचा वॉर्ड. आणि आठ दिवस तू नऊ नंबरला चिकटलेली. मैत्रिणींच्या ड्यूट्या मागून घेऊन. याला शुश्रूषा म्हणायचं की लाड?"

"बाकीच्यांचंही केलं, सिस्टर. पण नऊ नंबरचे कुणाच्या हातून जेवत नव्हते."

"तुझ्या हातून बरे जेवायचे!"

"उलटं बोललं की जेवायचे."

सिस्टरांच्या ओठाचा कोपरा हलला. नऊ नंबर सगळ्या वॉर्डाला पाठ होता. जन्म धान्यबाजारात गेलेला माणूस. डावी बाजू लुळी पडली होती, जीभ मात्र शाबूत. रक्तदाब मोजायला कुणीही आलं की उजवी बाही दातांनी ओढून विचारायचा, 'सिस्टर, आजचा भाव काय?' वाढलाय म्हटलं की म्हणायचा, 'मग विकून टाका, थांबताय कशाला?'

"पाठीला एक जखम होऊ दिली नाहीस, हे खरं," सिस्टर म्हणाल्या. "दर दोन तासांनी कूस बदलायचीस. मी मोजत होते."

"मग सही..."

"एकटीच आलीस?"

"हो."

सिस्टर उठून खिडकीपाशी गेल्या. खाली हॉस्पिटलचं फाटक होतं, त्यापुढे बसथांबा. बराच वेळ त्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. वॉर्डात कुणाची तरी वाटी खाली पडून गरगरली, तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. घड्याळात एक चाळीस झाले.

"लांबचं मला हल्ली काही म्हणजे काही दिसत नाही," त्या काचेकडे बघतच म्हणाल्या.

मग टेबलाशी आल्या, निळं पेन शोधलं आणि सतराव्या पानावर सही केली. तारीख घातली. शिक्का मारला, वर फुंकरही घातली.

"जा. दोनची बस चुकवू नकोस. आणि मीठ कमी खायचं."

"मी, सिस्टर?"

"तू नाही तर कोण? इथे दुसरं कोण आहे?"

मुलीला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण फौजदारांनी पुढच्या खाटेचा तक्ता उचलला होता आणि तिच्याकडे पाठ फिरवली होती. ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली.

दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत बस आली नव्हती. थांब्यावरच्या बाकावर टेकून मुलीने वही पिशवीत घातली, चेन लावली आणि पिशवी पोटाशी धरली.

"मिळाली सही, बाबा."

काठीवर हनुवटी टेकवून बसलेल्या वडिलांनी मान वर केली. काठी गुडघ्यांत धरली, दातांनी ओढून उजवी बाही सरसावली आणि हात तिच्यापुढे केला.

"मग, सिस्टर? आजचा भाव काय?"