डिंकाचे लाडू

खाणीच्या त्या लघुग्रहावर उडी मारायला बंदी होती. ग्रह एवढासा, त्याची ओढही एवढीशीच. जोरात उडी मारली की माणूस गेलाच. निवृत्तीने उडी मारली नव्हती. शिडीवर त्याला शिंक आली आणि पाय झटकला गेला.

"दोरी बांधली नव्हती?" बायको, सगुणा, रेडिओवर ओरडली.

"दोन मिनिटांचं तर काम होतं गं."

तो वर वर चालला होता.

"हातातली पिशवी फेका!"

पिशवीत नट आवळायचे नवे पाने होते. हरवू नयेत म्हणून त्याने ती नेम धरून खाली, सगुणाकडेच फेकली. आणि तो आणखी वेगाने वर निघाला.

"अहो, वर फेका, वर! म्हणजे तुम्ही खाली याल! आता काय उरलंय?"

"आईने पृथ्वीवरून पाठवलेले डिंकाचे लाडू."

"फेका!"

"अगं, आईचे..."

"फेका म्हणते ना!"

त्याने एकेक लाडू जीव खाऊन वर भिरकावला. मग डबाही.

सगुणा त्याच्या हेल्मेटचा दिवा बघत राहिली. दिवा बारीक होत गेला, थांबला, आणि हळूच मोठा होऊ लागला.

"येतोय," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "आईला काय सांगू?"

"सांगा, एकही उरला नाही."