पिवळी वायर

दिपेशने इकडेतिकडे पाहिलं, मशीनच्या मागे वाकला आणि भिंतीवरच्या नेटच्या पेटीतली पिवळी वायर हळूच उपसली. मग काहीच न झाल्यासारखा पुढे येऊन चेनला ग्रीस लावायला लागला.

थोड्याच वेळात फोन वाजला. केळव्याहून हेमांगी.

"दिपेश, लाइन लागत नाय. तुमची डबी माझ्या स्क्रीनवर दिसतच नाय."

"आं? इकडे तर सगळं बरोबर हाय."

"मग काय करणार? येते मी."

"या," दिपेश जमेल तितक्या गंभीरपणे म्हणाला आणि केस विंचरायला पळाला.

तारापूरच्या त्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं बनत. ती तपासायला एक मशीन होतं. कॅमेऱ्याने बघायचं आणि वाकडं झाकण हवेच्या फुंकरीने उडवून लावायचं. त्याचा मेंदू म्हणजे एक चिप. तिची गंमत अशी, की तिच्या आतली जुळणी हवी तेव्हा बदलता येई. झाकणाचा आकार बदलला की हेमांगी नवी जुळणी लिहायची, लॅपटॉप घेऊन यायची आणि चिपमध्ये भरायची. त्यात दुपार व्हायची. मग तिचं सुकटीचं कालवण आणि दिपेशची तांदळाची भाकरी एकाच ताटात यायची.

असं बरं चाललं होतं, तोच कमलेशशेठना आधुनिक होण्याची लहर आली. एकाच आठवड्यात त्यांनी दोन वस्तू आणल्या. दारापाशी अंगठा लावून हजेरी घ्यायचं मशीन, आणि तळहाताएवढी एक डबी. डबीचं एक टोक चिपच्या बोर्डाला, दुसरं नेटला. आता हेमांगीने केळव्यात घरी बसून बटण दाबावं आणि इथे चिपची जुळणी बदलावी.

"मॅडमचा हेलपाटा वाचला!" शेठ खूश झाले.

दिपेशला मात्र दुपारचं ताट आठवलं. तो पडला फिटर. नटबोल्ट सोडून बाकी सगळ्या वायरी त्याला सारख्याच. पण झाकण बदलायच्या दिवशी नवीकोरी पिवळी वायर उपसली की हेमांगी येते, एवढं विज्ञान त्याला पुरेसं होतं. पहिल्यांदा उपसली आणि ती आली. दुसऱ्यांदा उपसली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा तर त्याने नवा शर्टच घातला होता.

ती यायची त्या दिवशी अंगठ्याचं मशीनही नेमकं रुसायचं आणि शेठच्या मोबाइलवर हजेरी पोहोचायची नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! उशिरा येणारे कामगार मात्र खुशीत असायचे. "मॅडम आती है तो अपना दिन अच्छा जाता है," ते म्हणायचे. दिपेशला वाटायचं, आपला तर त्यांच्याहून अच्छा.

एके दिवशी शेठनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"सोमवारी लोणच्याच्या बरण्यांची झाकणं चालू करायची. त्या दिवशी जर लाइन लागली नाही, तर मॅडमचं काम बंद. पुण्याची पार्टी सगळं करून देते म्हणते. मॅडमला आधी काही बोलू नकोस."

वडिलांची होडी दुरुस्तीला काढल्यापासून हेमांगीचं घर तिच्याच कामावर चाललं होतं. आपल्या चार घासांच्या सुखापायी तिच्या पोटावर पाय येणार! दिपेशला स्वतःची लाज वाटली.

सोमवारी सकाळी त्याने पिवळी वायर 'टक्' आवाज येईपर्यंत आत दाबली. वरून चिकटपट्टीही लावली. ती आता कधी यायची नाही म्हणून डोळे भरून आले, पण मन हलकं झालं.

फोन वाजला.

"दिपेश, लाइन लागत नाय."

"नीट बघा, मॅडम! आज लागायलाच पायजे!"

"नाय लागत. येते मी."

तो पुढचं सांगेपर्यंत फोन बंद. दिपेशने वायर दाबली, चाचपली, हात जोडले. काही उपयोग नव्हता. स्कूटी दारात येऊन उभीसुद्धा राहिली.

शेठ मशीनपाशीच उभे होते. "मॅडम, माफ करा, पण आता तुमचं काम बंद. मी पुण्याच्या पार्टीला फोन लावतो."

हेमांगी काही बोलणार, तोच दिपेश मध्ये शिरला.

"शेठ, थांबा! त्यांची काय चूक नाय. वायर मी काढायचो. दर खेपेला. त्या याव्या म्हणून. आज नाय काढली, आईशपथ! पायजे तर मला काढा, पण त्यांचं काम नका काढू."

हेमांगी त्याच्याकडे बघतच राहिली.

"कुठली वायर?" शेठनी विचारलं.

दिपेश त्यांना मागे घेऊन गेला. "ही. पिवळी."

शेठ वाकले. वायरीवर बोट ठेवून ती कुठे जाते ते बघत भिंतीकडेने दारापर्यंत गेले, आणि कपाळाला हात लावून परत आले.

"अरे बावळटा, ही अंगठ्याच्या मशीनची! तरीच माझी हजेरी गायब होते!"

"आणि डबीची?"

"डबीची ती काळी. बसवल्यापासून कुणाचा हात लागलेला नाही. धूळ बघ तिच्यावर केवढी!" मग शेठ एकदम थांबले आणि सावकाश वळले. "मॅडम, मग इतके दिवस लाइन का लागत नव्हती?"

हेमांगी कानापर्यंत लाल झाली.

"मशीन चालू करा, शेठ," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "जुळणी मी सकाळीच भरलीय, घरून. दर खेपेला घरूनच भरते."