मोठे ब्रेक

"मोठ्या गाडीचे ब्रेक आमच्या या छोट्या गाडीला बसतील का रे?" काकूंनी विचारलं.

मेकॅनिकला हसू आलं. "काकू, तुम्ही चाळीसच्या वर जात नाही. आहेत ते ब्रेक उत्तम आहेत."

"ते ह्यांना सांग. जन्मभर बस चालवली, आता नजर अधू झाली म्हणून शेजारी बसतात. गाडी मी चालवते आणि ब्रेक हे दाबतात."

मेकॅनिकने वाकून पाहिलं. काकांच्या सीटपुढच्या मॅटला उजव्या पायाखाली चक्क भोक पडलं होतं.

तो कामाला लागला. मोठी डिस्क जुन्या चाकात मावेना, म्हणून चाकंही मोठ्या गाडीचीच घातली. काकांनी शेजारी बसून तीनदा गाडी थांबवून घेतली आणि म्हणाले, "आता कसं!"

पंधरा दिवसांनी काकू एकट्याच आल्या. "जुने ब्रेक ठेवलेत ना? तेच परत बसव."

"का? नवे नीट लागत नाहीत?"

"लागतात की! म्हणूनच हे निर्धास्त झालेत. गाडी सुरू झाली की घोरायला लागतात."

"मग बरंच झालं. तुमच्यामागची कटकट गेली."

"कटकट?" काकू म्हणाल्या. "अरे, घरात हे तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात. गाडीत मात्र 'सावकाश गं', 'सायकलवाला बघ गं', 'डावीकडून घे गं'... तेवढं ऐकायला तर मी रोज गाडी काढत होते."