न घसरणारी लादी

“चप्पल काढून उभी राहिले तर चालेल ना?” नमिताने विचारलं.

“राहा की, टीचर. नाचलात तरी लादीला काय होत नाय,” हर्षद म्हणाला.

पेणला रामवाडीत हायवेला लागून त्याचं दगडाचं दुकान होतं. नमिता पेणच्याच कॉलेजात फिजिक्स शिकवायची. त्याची मुलगी तिच्या वर्गात होती, म्हणून तो स्वतः उठून बाहेर आला होता.

दुकानासमोर तिने दोन-दोन फुटांच्या तीन लाद्या मांडून घेतल्या होत्या. पांढरा मार्बल, काळा कडप्पा आणि आगीच्या झोताने वरून खरखरीत केलेलं करडं ग्रॅनाइट. प्रत्येकीचं एक टोक जमिनीवर आणि दुसऱ्या टोकाखाली एक वीट. पर्समधून तिने शाम्पूची बाटली काढली.

“साबण आमच्याकडं होता की.”

“हाच हवा.”

मार्बलवर दुसरं पाऊल टाकताच ती घसरली. हर्षदने दंड धरला नसता तर पडलीच असती. कडप्पा एका विटेवर टिकला. दुसरी वीट लावल्यावर टाच निसटली. दोन्ही वेळा तिने पाय पुसले आणि वहीत लिहून घेतलं.

पोपट मिस्त्री पायरीवर चहा पीत बसले होते. हर्षदच्या गिऱ्हाइकांकडे लाद्या बसवण्यात त्यांची हयात गेली होती.

“गो बाय, लादी घेतेस का पेपर तपासतेस?”

“पेपरच समजा, काका.”

“मग किती नापास?”

“दोन.”

हर्षद मोठ्याने हसला. नमिता हसली नाही.

“मे महिन्यात आमच्या घरातलं एक माणूस गेलं,” ती म्हणाली. “बाथरूममध्ये घसरल्याचं निमित्त झालं.”

मिस्त्रींनी कप खाली ठेवला.

“वय झालं होतं?” हर्षदने हळू विचारलं.

नमिता खराट्याने फेसाचं पाणी बाजूला लोटत होती. ते संपल्यावर म्हणाली, “तेव्हापासून आईची झोप गेलीय. मला एकच गोष्ट पक्की कळायला हवी. या दगडावरून माणूस घसरतं की नाही.” तिने करड्या लादीकडे बोट केलं. “रोह्याला जितेश यांच्या घरी तुम्ही दिलंत, ते हेच ना?”

“हेच. त्याच गाडीतला उरलेला माल हाय. तुम्ही बघितलात तिथं?”

“बघितलंय.”

“त्यांची बायको आली होती पसंतीला. अगदी तुमच्यासारखी! चप्पल काढलीन, पाणी ओतायला लावलंन, मागं-पुढं चालून बघितलंन. म्हणाली, सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या पडायला नकोत.”

धरमतरकडून येणारा एक ट्रेलर हायवेवरून गेला. नमिता करड्या लादीपाशी गेली.

“वीट लावा,” ती म्हणाली.

एका विटेवर ती उभी राहिली, दोन विटांवरही. तिसऱ्या विटेनंतर तिने आणखी शाम्पू ओतला आणि त्या उतारावर एका पायावर उभी राहिली. मग वळली. फेस बोटांमधून ओघळत होता, पण पाऊल हललं नाही.

“चौथी.”

“टीचर, ही लादी हाय, घसरगुंडी नाय.”

“लावा हो.”

चौथ्या विटेला टाच जेमतेम बोटभर सरकली. नमिता खाली उतरली.

“काका, बाथरूमला एवढा उतार असतो कधी?”

“एवढा?” मिस्त्री दुखावल्यासारखे झाले. “सहा फुटाला एक इंच देतो मी. रोह्याला पण तेवढाच दिलाय, माझ्या हातानं. पाणी साचत नाय, पाय सरकत नाय. जाऊन बघ हवं तर.”

“हे तुम्ही दोघं मला लिहून द्याल?”

हर्षदचा चेहरा उतरला. “वीस वर्षं धंदा करतो, टीचर. लिहून कुणी मागितलं नाय.”

“तुमच्यावर विश्वास आहे. पण मला कागद लागेल.”

शेवटी त्याने दुकानाचं लेटरहेड काढलं. नमिता सावकाश सांगत गेली आणि तो लिहीत गेला. शाम्पूचं पाणी, विटा, उतार. माल तोच आहे हे कळावं म्हणून तिने रोह्याच्या घराचं नावही घालायला लावलं. मिस्त्रींनी उताराचं वाक्य दोनदा वाचून घेतलं आणि खाली सही केली.

“आता किती लाद्या टाकू?” हर्षदने विचारलं.

“एकच द्या. बिलासकट.”

“एकच? आईंना दाखवायला ना? दाखवा, दाखवा. बघून त्यांना शांत झोप लागेल.”

“लागली तर बरं,” नमिता म्हणाली.

दोघांनी लादी गोणपाटात गुंडाळून तिच्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली. मिस्त्रींनी खिडकीतून वाकून सांगितलं, “बसवायची झाली की मलाच बोलव गो.”

तिने मान हलवली. पेणमधलं तिचं घर पाच मिनिटांवर होतं. गाडी तिने दुसऱ्या बाजूला, नागोठण्याकडे वळवली.

तासाभराने रोह्याच्या पोलीस ठाण्यात एका हवालदाराने ती लादी उचलून साहेबांच्या टेबलावर ठेवली. शेजारी नमिताने बिल, वही आणि सह्यांचा कागद ओळीने मांडला.

“हे काय आणलंत, मॅडम?” साहेबांनी विचारलं.

“माझ्या बहिणीने स्वतः निवडलेली लादी,” नमिता म्हणाली. “जितेशने तुम्हाला जबाब दिलाय, की त्याची बायको हिच्यावरून घसरून मेली.”